कापूस कुणाकडून घ्यायचा?

दुकानातला एक साधा सुती टी-शर्ट हातात घ्या. वजन दीडशे ते एकशेसाठ ग्रॅम. कापड बेतताना पडलेल्या चिंध्या आणि सूत कातण्याआधी विंचरणीत गळून गेलेले आखूड तंतू हिशेबात धरले, तर तो तयार व्हायला सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम रुई लागते. क्विंटलभर कापसातून सरकी काढली की ३४-३५ किलो रुई हाती येते. म्हणजे शेतातून वेचलेला कापूस लागला साडेसहाशे-सातशे ग्रॅम. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने एका टी-शर्टमागे शेतकऱ्याला मिळतात पन्नासएक रुपये, आणि बियाणं, खत, फवारणी, वेचणी हा सगळा खर्च त्यातूनच भागवायचा. आता हा कापूस विषारी फवारणीशिवाय पिकावा म्हणून दुकानदाराने दहा ते पंधरा टक्के जास्त भाव द्यायचं ठरवलं, तर टी-शर्टमागे वाढतात पाच ते साडेसात रुपये.

हिशेब ढोबळ आहे. धाग्याची जाडी, कापडाची वीण, बाजारातला भाव यांनी आकडे खालीवर होतील. पण टी-शर्टची किंमत चारशे असो की चार हजार, जमीन आणि माणसं जपून पिकवलेल्या कापसासाठी शेताच्या बांधावर द्यावी लागणारी जादा रक्कम इतकी थोडी आहे. तरीही जगातल्या एकूण कापसात सेंद्रिय कापसाचा वाटा २०२०-२१च्या हंगामात जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास होता. ते पाच रुपये वाटेत कुठे अडतात आणि ज्या मोजक्या दुकानांनी ते शेतापर्यंत पोचवले त्यांनी नेमकं काय केलं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

रोजच्या वापरातल्या वस्तूंचा कच्चा माल म्हटला तर साबणातलं पामतेल, वहीचा कागद, खुर्चीचं लाकूड, बाटलीचं प्लॅस्टिक असं पुष्कळ काही येतं. त्या प्रत्येकाची प्रमाणपत्रं आहेत, वाद आहेत, कायदे आहेत. सगळ्यांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकाच मालाचा माग शेवटपर्यंत काढावा, असं मला वाटलं. कापूस निवडण्याचं कारण उघड आहे. बनियन, चादर, टॉवेल, पंचा, बाळाचं लंगोट, देवापुढची वात, जखमेवरची पट्टी. घरातली अशी खोली नाही जिथे कापूस नाही. शिवाय महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरवर हे पीक उभं राहतं आणि त्यातलं बहुतेक कोरडवाहू असतं. वऱ्हाड, मराठवाडा आणि खानदेशातल्या लाखो घरांचा वर्षाचा खर्च त्यावर चालतो. सोलापूरचे टॉवेल आणि इचलकरंजीचे यंत्रमाग याच धाग्यावर उभे आहेत. जगातली मोठी दुकानं कापूस कसा घेतात, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही.

आधी शेतात काय होतं ते पाहू. बीटी कापसाला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली आणि बघता बघता नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र त्याखाली गेलं. हिरव्या बोंडअळीवर त्याचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. ही अळी फुलात शिरते तेव्हा पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. पुढे ती बोंडात जाते. बाहेरून बोंड हिरवंगार आणि टणक; फोडून पाहिलं तर आत सरकी पोखरलेली, तंतू पिवळट, आणि कोपऱ्यात बोटाच्या पेराहून लहान अशी गुलाबी अळी. ते बोंड नीट फुटत नाही, फुटलं तर त्यातून कवडी, म्हणजे किडका कापूस, निघते आणि व्यापारी ती मातीमोलाने मागतो. बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारणी पोचत नाही, म्हणून फवारणी वाढत जाते, औषधं एकत्र मिसळली जातात. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पुरुषभर उंचीच्या पऱ्हाटीत शिरून, हातमोजे नाहीत की तोंडाला फडकं नाही अशा स्थितीत, पाठीवर पंप घेऊन त्यांनी ते काम केलं होतं.

या कापसाचे कपडे शेवटी कुठल्या दुकानात गेले, हे कुणालाही सांगता येणार नाही. माल घेण्याच्या आजच्या रीतीतला मूळ दोष इथेच आहे. दुकानाचा खरेदी विभाग कापूस घेतच नाही. तो तयार कपडे घेतो. कपडे शिवणारा कारखाना कापड घेतो, कापड विणणारा सूत घेतो, सूतगिरणी गाठी घेते, जिनिंगवाला आडत्याकडून किंवा खेडा खरेदीतून कापूस घेतो. इतक्या हातांमधून जाताना यवतमाळचा कापूस, राजकोटचा कापूस आणि आदिलाबादचा कापूस एकत्र होतो. दुकानदाराला भाव कळतो, रंग कळतो, तारीख कळते. गाव कळत नाही. गाव माहीत नसणं व्यापारात सोयीचंही असतं, कारण मग तिथे काय घडलं याचा जाब कुणी विचारत नाही.

पाण्याचा मुद्दा नेहमी निघतो, म्हणून इथेच सांगून टाकतो. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. ती जगाची सरासरी आहे. वऱ्हाडातल्या कोरडवाहू कापसाला लागणारं बहुतेक पाणी पावसाचं असतं. तो कापूस न लावता ज्वारी लावली असती तरी पाऊस पडणारच होता. तिथे खरा प्रश्न मातीत ओल धरून ठेवण्याचा आणि फवारणीचा आहे. कालव्यावर किंवा बोअरवर वाढणाऱ्या कापसाची गोष्ट अगदी वेगळी. एकच आकडा सगळ्या शेतांना लावणारं दुकान कुठल्याच शेताचा विचार करत नाही, असं माझं मत आहे.

ज्यांनी खरेदीची रीतच बदलली त्यांच्यात पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीचं उदाहरण जुनं आणि शिकण्यासारखं आहे. १९८८ साली बॉस्टनमध्ये तिचं दुकान उघडलं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची डोकी दुखू लागली. तपास केला तेव्हा कारण सापडलं तळघरात ठेवलेल्या सुती कपड्यांमध्ये. सुरकुत्या पडू नयेत म्हणून त्यांवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया केलेली होती. हवा खेळती करून काम भागलं असतं. पण कंपनीने उलटा माग काढायला सुरुवात केली आणि ती कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यातल्या कापसाच्या शेतांपर्यंत पोचली. तिथली फवारणी पाहिल्यावर १९९४ साली निर्णय झाला, की १९९६च्या वसंतापासून आपल्या सगळ्या सुती कपड्यांत सेंद्रिय कापूसच असेल. हातात दीड वर्ष होतं.

निर्णय सोपा होता, माल मिळवणं अवघड. बाजारात दलालांकडे पुरेसा सेंद्रिय कापूसच नव्हता. कंपनीला थेट शेतकऱ्यांकडे जावं लागलं. मग जिनिंग आणि सूतगिरण्यांची मनधरणी, कारण थोड्याशा मालासाठी यंत्रं आधी आणि नंतर पूर्ण साफ करायला कोणीही राजी नसतं. पानगळ करणारी रसायनं न वापरता वेचलेल्या त्या कापसात पानं आणि काड्या राहत होत्या, माव्यामुळे तो चिकटही होता. गिरणीच्या यंत्रांना तो नको होता. बँकॉकमधल्या एका गिरणीने तोडगा काढला: कातण्याआधी कापूस गोठवायचा, म्हणजे चिकटपणा त्रास देत नाही. दुकानात ग्राहकाला ‘सेंद्रिय कापूस’ हे जे दोन शब्द दिसतात त्यांच्यामागे असलं काम असतं. कच्चा माल बदलणं म्हणजे पुरवठादाराला ईमेल पाठवून नवा निकष कळवणं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा गोठवलेला कापूस लक्षात ठेवावा.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. खानदेश ओलांडून सातपुडा उतरलं की निमाड लागतो. खरगोन जिल्ह्यातलं कसरावद हे तिथलं तालुक्याचं गाव, अहिल्याबाईंच्या महेश्वरपासून फार दूर नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅट्रिक होहमान या स्विस सूतव्यापाऱ्याने तिथल्या मायकाल सूतगिरणीच्या साथीने काही शेतकऱ्यांना सेंद्रिय कापूस लावायला तयार केलं. त्याच्या रेमाई कंपनीला पुढे गिऱ्हाईक मिळालं ते स्वित्झर्लंडमधल्या कूप या ग्राहक सहकारी दुकानसाखळीचं. कूपने आपल्या नॅचरालाइन या नावाने तो माल दुकानात लावला आणि वर्षानुवर्षं घेत राहिली. त्यातून बायोरे नावाची व्यवस्था उभी राहिली. शेतकऱ्याला खरेदीची हमी, बाजारभावावर सुमारे १५ टक्के अधिमूल्य, शेतीचा सल्ला आणि बियाणं, हे तिचे चार खांब.

याच भागात एफआयबीएल या स्विस संस्थेने २००७पासून एक दीर्घ प्रयोग चालवला. एकाच जमिनीवर सेंद्रिय, रासायनिक आणि बीटी अशा पद्धती शेजारीशेजारी लावून कापूस, सोयाबीन आणि गहू यांचं उत्पन्न वर्षानुवर्षं मोजलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की पहिल्या दोन वर्षांच्या पीकफेऱ्यात सेंद्रिय कापसाचं उत्पादन जवळपास तीस टक्क्यांनी मागे पडलं. दुसऱ्या फेऱ्यात, इतर पद्धतींचंही उत्पादन घटल्याने, फरक उरला नाही. सेंद्रिय पद्धतीचा खर्च मात्र बराच कमी होता. त्यामुळे नफ्याच्या बाबतीत ती फारशी मागे राहिली नाही.

या प्रयोगातली पहिली दोन वर्षंच सगळ्या विषयाची किल्ली आहेत. रासायनिक शेती सोडून सेंद्रियाकडे वळताना दोन ते तीन वर्षांचा रूपांतराचा काळ जावा लागतो, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळतं. त्या काळात उत्पादन घटलेलं असतं, माती अजून सावरलेली नसते, आणि कापूस विकायला नेला की ‘सेंद्रिय’ म्हणता येत नाही, म्हणून भाव साधाच. चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याने, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना, हा तोटा का म्हणून सोसायचा? दुकानाला मात्र तिसऱ्या वर्षानंतरचा, कागदपत्रांसकट तयार माल हवा असतो. ज्या खरेदीदारांना हे उमगलं त्यांनी रूपांतरातला कापूसही जादा भावाने घ्यायला सुरुवात केली. संख्येने ते अजून थोडे आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि या पुस्तकात तुम्हाला एकच मुद्दा पटला तर तो हाच पटावा अशी माझी इच्छा आहे. शेतकरी बियाण्याचा निर्णय मे महिन्यात घेतो. मृगाचा पाऊस पडला की लागवड. वेचणी दसऱ्या-दिवाळीला सुरू होते, आणि उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होईपर्यंत जानेवारी उजाडतो. दुकानाच्या कपड्यांची ऑर्डर मात्र फॅशनच्या हंगामाप्रमाणे निघते, आणि ती निघते तेव्हा कापूस पिकून, विकून झालेला असतो. ऑर्डर पुढच्या वर्षी येईल याची खात्री कुणी देत नाही. म्हणजे सेंद्रिय पिकवण्याचा धोका मे महिन्यात शेतकऱ्याने एकट्याने उचलायचा आणि त्याचं श्रेय पुढच्या वर्षी दुकानाने पाटीवर मिरवायचं. हे उलटं करायला हवं. खरेदीचा शब्द पेरणीआधी द्यायला हवा, आणि तो एका हंगामाचा नसावा. निमाडात जे जमलं ते याच एका गोष्टीमुळे जमलं, असं मी ठामपणे म्हणतो.

मोठ्या दुकानांनी वेगळा रस्ता धरला. स्वीडनच्या इकेआने २००५ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेबरोबर कापसाचं काम सुरू केलं. एचअँडएम, लिव्हाइज, आदिदास, मार्क्स अँड स्पेन्सर अशा कंपन्यांसह ‘बेटर कॉटन’ची चळवळ उभी राहिली आणि २०१०-११च्या हंगामात भारत, पाकिस्तान, ब्राझील आणि मालीत पहिलं पीक आलं. यात बीटी चालतं, रासायनिक खत चालतं. पाणी आणि औषधं बेताने वापरणं, अतिघातक कीटकनाशकं टाळणं, मजुरांशी नीट वागणं यावर भर. शेतकऱ्यांचे गट बांधून त्यांना प्रशिक्षण दिलं जातं: कामगंध सापळे कधी लावायचे, किती पतंग सापडले की फवारायचं, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, का घेऊ नये. आज जगातल्या कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा या व्यवस्थेखाली येतो. २०१५पासून इकेआ आपल्या सगळ्या वस्तूंसाठी अशा किंवा पुनर्वापरातल्या कापसाचाच वापर करते. इतक्या मोठ्या प्रमाणावर फवारणी थोडी जरी घटली, तरी ती अनेकांच्या फुप्फुसांतून घटते. म्हणून या कामाला मी हलकं लेखणार नाही.

पण त्यातल्या दोन उणिवा वाचकाने नीट समजून घ्याव्यात. पहिली भावाची. बेटर कॉटन शेतकऱ्याला जास्त भावाची हमी देत नाही. दुकानं जे शुल्क भरतात त्यातून प्रशिक्षण चालतं. शेतकऱ्याचा फायदा व्हायचा तो खर्च वाचण्यातून.

दुसरी उणीव हिशेबाची. ही व्यवस्था बराच काळ ज्या पद्धतीवर चालली ती गावातल्या दूध डेअरीसारखी आहे. तुम्ही सकाळी पाच लिटर दूध घातलंत, नोंद झाली. संध्याकाळी पाच लिटरच्या पिशव्या घेतल्यात तर त्यांत तुमच्याच गाईचं दूध असेल असं नाही, फक्त घातलेलं आणि उचललेलं माप जुळलं पाहिजे. तसंच इथे. जिनिंगमध्ये बेटर कॉटन आला तेवढ्या किलोंचे गुण जमा झाले, ते गुण कागदावरून सूतगिरणी, कापड गिरणी करत दुकानापर्यंत पोचले. प्रत्यक्षातला कापूस मात्र जिनिंगनंतर इतर कापसात मिसळलेला. या पद्धतीने छोट्या शेतकऱ्यांना आत घेणं सोपं गेलं, कारण वेगळी साठवण आणि वेगळी यंत्रं लागली नाहीत. पण तुमच्या अंगातल्या शर्टात तो कापूस आहे का, याचं उत्तर तिला देता येत नाही. चीनच्या शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीचा प्रश्न पेटला आणि अमेरिकेने जून २०२२पासून तिथल्या मालाला दार बंद केलं, तेव्हा ही उणीव फार महागात पडू लागली. कुठल्या देशाचा कापूस, हे तरी सांगता आलंच पाहिजे अशी वेळ आली. २०२३च्या अखेरीस बेटर कॉटनने प्रत्यक्ष मालाचा माग ठेवणारी पद्धत सुरू केली. तरीही एप्रिल २०२४मध्ये अर्थसाइट या ब्रिटिश संस्थेने ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या जंगलतोडीशी आणि जमिनी बळकावण्याशी जोडलेला कापूस प्रमाणपत्रासह एचअँडएम आणि झारा यांच्या पुरवठादारांपर्यंत पोचल्याचं मांडलं. त्या शेतांची मोजमापं आपल्या कल्पनेपलीकडची, हजारो हेक्टरांची. यवतमाळच्या चार एकरांना आणि बाहियातल्या महाशेताला एकच शिक्का पुरतो का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सेंद्रिय कापसात माग ठेवण्याचे नियम कडक आहेत. शेतकऱ्यांच्या गटाला प्रमाणपत्र लागतं आणि प्रत्येक सौद्याला वेगळं व्यवहार प्रमाणपत्र: किती किलो, कुणाकडून कुणाला. ‘गॉट्स’ हा या क्षेत्रातला सर्वांत मान्य निकष. कापडात किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू असेल तर ‘सेंद्रिय’, ७० टक्के असेल तर ‘सेंद्रिय तंतूंनी बनवलेलं’, आणि रंगाई-धुलाईतली रसायनंही तपासलेली. जगातल्या सेंद्रिय कापसात सर्वांत मोठा वाटा भारताचा. आणि सर्वांत मोठा घोटाळाही इथेच उघड झाला. ऑक्टोबर २०२०मध्ये गॉट्सने जाहीर केलं, की भारतातला २० हजार टन कच्चा कापूस बनावट व्यवहार प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. देशाच्या त्या वेळच्या सेंद्रिय उत्पादनाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतका तो होता. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, की सरकारी संस्थेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडत होती. ११ कंपन्यांवर बंदी आली.

या बातमीने मला झालेलं दुःख अजून ओसरलेलं नाही, कारण त्याची शिक्षा प्रामाणिक गटांना झाली. संशय सगळ्यांवर आला, तपासण्या वाढल्या, तपासणीचा खर्च वाढला आणि तो खर्च शेवटी गटाच्याच माथी आला. पण घोटाळा घडला कशामुळे? दुकानांनी सेंद्रिय कापसाची मागणी झपाट्याने वाढवली, उद्दिष्टांच्या तारखा जाहीर केल्या, आणि पीक वाढवण्यासाठी बियाण्यावर, रूपांतराच्या वर्षांवर पैसा लावला नाही. मागणी आहे आणि माल नाही, तिथे कागद तयार होतो.

बियाण्याचंच बघा. बीटी नसलेलं चांगलं सरळ वाण आज शेतकऱ्याला सहजी मिळत नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी देशी आणि सरळ वाणं काढली आहेत, पण बियाणं कंपन्यांना त्यात बाजार दिसत नाही. शिवाय चहूबाजूंनी बीटीची शेतं, मध्ये एक सेंद्रिय शेत. मधमाश्यांनी परागकण आणले, जिनिंगमध्ये सरकी मिसळली, की प्रयोगशाळेच्या तपासणीत माल नापास. म्हणून ज्यांना हे काम खरंच करायचं आहे ते खरेदीच्या आधी बियाण्यात उतरतात. २०१६ साली स्थापन झालेली ऑरगॅनिक कॉटन ॲक्सिलरेटर ही संस्था भारतात हेच करते: कपड्यांच्या कंपन्यांना शेतकरी गटांशी जोडणं, बियाण्याची तपासणी करणं आणि अधिमूल्य शेतकऱ्याच्या हाती पडलं की नाही ते पाहणं.

आता जिनिंगच्या आवारात या. डोंगरासारखे कापसाचे ढीग, आणि त्यांच्या कडेला बसून बाया काहीतरी वेचताहेत. त्या वेचतात ते धागे: खताच्या पोत्यांचे पांढरे-निळे प्लॅस्टिकचे धागे, सुतळी, केस, गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे. शेतात वेचलेला कापूस प्लॅस्टिकच्या पोत्यात भरला की त्याचे तंतू कापसात मिसळतात. सुतात ते लपून राहतात आणि कापड रंगवलं की रंग न घेतलेला ठिपका उमटतो. अख्खा तागा नापास होऊ शकतो. यावरचा उपाय म्हणजे वेचणीला सुती झोळ्या आणि कापडी गोण्या देणं. किती किरकोळ खर्च! पण तो कुणी करायचा, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

आणि त्या वेचणाऱ्या बायांबद्दल. पहाटे घरचं उरकून, कमरेला ओटी बांधून, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटत त्या किलोच्या हिशेबाने वेचतात. शाश्वत कापसाच्या गटांच्या याद्यांत शेतकऱ्याचं नाव असतं, म्हणजे बहुधा ज्याच्या नावावर सातबारा त्याचं. त्याच्या बायकोचं क्वचित, मजूर बाईचं जवळपास कधीच नाही. अधिमूल्य सातबाऱ्याच्या मागे जातं. फवारलेल्या पिकात सर्वांत जास्त तास जी हात घालून उभी असते, तिच्यापर्यंत ते पोचवण्याची रीत अजून कुणी नीट बसवलेली नाही. दुकानांनी याकडे लक्ष द्यावं अशी माझी कळकळीची मागणी आहे.

इतर मालांविषयी थोडक्यात. बाटल्यांपासून केलेलं पॉलिस्टर सध्या दुकानांना फार आवडतं, कारण ते सहज मिळतं आणि आकडे पटकन वाढवता येतात. पण बाटलीची पुन्हा बाटली अनेकदा होऊ शकते. तिचं कापड झालं की पुढचा पुनर्वापर फार अवघड, शिवाय धुताना त्यातून सूक्ष्म तंतू सुटतात. ‘बांबूचं’ म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा तीव्र रसायनांत लगदा विरघळवून केलेलं रेयॉन असतं. २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत वॉलमार्टला ३० लाख आणि कोल्सला २५ लाख डॉलर भरावे लागले ते असल्याच दाव्यांपायी.

दाव्यांवरचे कायदे आता आवळले जाताहेत. २०२२ सालीच नेदरलँड्सच्या ग्राहक यंत्रणेने एचअँडएम आणि डेकाथलॉनला त्यांच्या मोघम पाट्या बदलायला लावल्या. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली: ‘इकोफ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘सस्टेनेबल’ असं नुसतं छापून चालणार नाही, दावा कशाबद्दल आहे आणि त्याला आधार काय, ते ग्राहकाला कळलं पाहिजे. युरोपात कापडाला डिजिटल ओळखपत्र देण्याची तयारी चालू आहे. तिरुप्पूर, सोलापूर, इचलकरंजी इथून निर्यात करणाऱ्यांना ते टाळता येणार नाही, आणि त्यासाठी लागणारी गावाची, शेताची माहिती जिनिंगपासूनच गोळा करावी लागेल. ही माहिती ज्या शेतकऱ्याकडून घ्यायची त्याला तिचा मोबदला मिळणार की फक्त आणखी एक फॉर्म, हे येत्या काही हंगामांत ठरेल.

पुस्तकाची मांडणी मालाच्या वाटेनेच केली आहे. सुरुवात बियाण्यापासून आणि रूपांतराच्या वर्षांपासून. मग जिनिंग, सूतगिरणी, रंगाई. शेवटी दुकानाचा खरेदी विभाग आणि त्याचे करार. करारांचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे आणि ते मी मुद्दाम तसं ठेवलं आहे. पाच वर्षांच्या कराराची कलमं कशी असतात, भाव पडला तर किमान भाव कसा ठरवतात, पाऊस दगा दिल्यावर मालाचा तुटवडा कुणी सोसायचा, अधिमूल्य थेट खात्यात कसं जमा करायचं, हे तिथे तपशिलाने दिलं आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी आणि आपल्या शहरांत कपड्यांची छोटी दुकानं चालवणाऱ्यांनी ते आधी वाचलं तरी चालेल. लहान दुकानाला जगभरच्या प्रमाणपत्रांचा खर्च झेपत नाही. पण अकोट किंवा घाटंजीच्या एखाद्या गटाशी बोलून पुढच्या मे महिन्याच्या आत दहा गाठींचा सौदा करणं त्याला झेपू शकतं. एक गाठ १७० किलोची. दहा गाठींत सात हजारांच्या आसपास टी-शर्ट होतात.